न्यायला आलेला माणूस

अंघोळ उरकून, देवापुढं उदबत्ती लावून जयराजनं फोन उघडला, आणि आजवर जे कधी घडलं नव्हतं ते घडलेलं त्याला दिसलं. आदल्या संध्याकाळी टाकलेल्या त्याच्या पोस्टवर माणसांची रीघ लागली होती. एरवी त्याच्या पुस्तकाच्या पोस्टला ठरलेली मंडळी यायची. एक मेहुणी, ती नात्याला जागून. एक पलटणीतला जुना सोबती, बिहारचा, त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण 'बहुत बढ़िया सर' लिहिल्याशिवाय त्याला राहवायचं नाही. एक फलटणचे कवी, ते सगळ्यांनाच अंगठा देत, अशा बोलीवर की आपल्या कवितेला कुणी तरी परत द्यावा. पुस्तक निघाल्यापासून जयराज रोज काही ना काही टाकत आला होता. कधी मुखपृष्ठ, कधी पुस्तक हातात धरलेला स्वतःचा फोटो, कधी गच्चीवर उभं राहून केलेलं दोन मिनिटांचं बोलणं, त्यात वाऱ्याचाच आवाज जास्त. आपली आरती आपणच ओवाळायची, ताटही आपलंच आणि देवही आपणच, असला हा प्रकार. त्याला त्याची लाज वाटायची. पण सांगलीच्या छापखान्यातून आलेले गठ्ठे दिवाणाखाली पडून होते, आणि त्याची बायको संयोगिता केर काढताना रोज त्यांना वळसा घालायची. बोलायची काही नाही, पण केरसुणी जरा जोरात आपटायची.

त्यानं लगेच काही वाचलं नाही. असलं सुख घाईनं गिळायचं नसतं. चहा कपात ओतला, गॅलरीत खुर्ची ओढली, समोरच्या अजिंक्यताऱ्याकडं जरा वेळ उगीच बघितलं. आपलं 'बोरीखालचं घर' शेवटी लोकांपर्यंत पोचलं म्हणायचं. मग त्यानं वाचायला घेतलं. पहिलीच ओळ होती, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली, 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.' मग जोडलेले हात, मग फुलं, मग परत जोडलेले हात. शिराळ्याच्या एका चुलतभावानं विचारलं होतं, 'माती किती वाजता?'

आत्ती गेली. कालची पोस्ट तिच्यावरच होती. कप खाली ठेवायचं त्याला सुचेना. हरणाबाई म्हणजे त्याच्या वडलांची थोरली बहीण. जयराजची आई बाळंतपणातच गेली, आणि नाथाजी, म्हणजे वडील, पलटणीत. कवठे महांकाळच्या माळावरच्या दोन खोल्यांत ह्या बाईनं त्याला शेळीच्या दुधावर वाढवला, शाळेत घातला, भरतीला पाठवला. त्याच बाईवर त्यानं पुस्तक लिहिलं होतं. आणि ती गेल्याचं त्याला हे असं कळत होतं? उभी नोकरी त्यानं पलटणीच्या सिग्नलमध्ये, निरोपांच्या खात्यात काढली. बर्फात बसून, कानाला यंत्र लावून, दुसऱ्यांच्या आया गेल्याच्या आणि बायका बाळंत झाल्याच्या बातम्या उतरवून घेतल्या, आणि माणसाला हाक मारून, खांद्यावर हात ठेवून सांगितल्या. त्याच्या खांद्यावर हात ठेवायला कुणी नव्हतं. आत्तीकडं फोन नव्हता. तिच्या शेजारच्या धुळाला त्यानं लावला, तर तो लागेना. बातमी आधी कुणी दिली ते तरी बघावं म्हणून जयराज बोटानं वर वर सरकत गेला, आणि सगळ्यात वर पोचला तर तिथं तोच होता.

त्याचीच पोस्ट. भरतीला जायच्या आधी मिरजेच्या स्टुडिओत काढलेला आत्तीचा एकुलता एक फोटो, काळापांढरा, डोक्यावर पदर, कॅमेऱ्याला जरा भ्यालेली. भोवती फिकट निळी चौकट, दोन्ही अंगाला एकेक समई, तळाला कमळाच्या पांढऱ्या पाकळ्या. फोनातल्या बॅनर बनवायच्या त्या ॲपमध्ये शेकडो चौकटी होत्या, फुगेवाल्या, तुतारीवाल्या, नेत्यांच्या वाढदिवसाच्या. त्यातली हीच तेवढी शांत होती म्हणून त्यानं घेतली. ती कुठल्या रकान्यातली हे बघायला तो चष्मा लावायच्या भानगडीत पडला नाही. वर मथळा दिला होता, 'जिच्या मायेवर वाढलो ती हरणाआत्ती.' आमच्या भागात समया आणि कमळ बघितलं की माणूस खालचं वाचत नाही, हात जोडतो आणि पुढं पाठवतो. जयराजला आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि मग इतकं हलकं वाटलं की त्यानं तो गार चहा एका घोटात पिऊन टाकला. आत्ती जिवंत होती. बोरीखाली बसून शेळीला पाला घालत असेल.

आता खरं म्हणजे त्याच मिनिटाला ते काढून टाकायला हवं होतं. कुणीही हेच म्हणेल. पण माणसाचं मन हा फार चोरटा प्राणी. त्यानं बोट त्या तीन टिंबांवर नेलं, आणि तेवढ्यात खाली नवी ओळ उमटली. कुणी समीक्षा नावाची बाई, ओळखीची ना पाळखीची, लिहीत होती, 'डोळ्यांत पाणी आलं. पुस्तक कुठं मिळेल?' तिच्या खाली आणखी एक. तिच्या खाली आणखी. कारण पोस्टमध्ये नुसता फोटो नव्हता, पुस्तकातला उतारा होता, जयराजचा सगळ्यात जिवाचा. त्यानं बोट काढून घेतलं. समीक्षाबाईला आपला नंबर दिला. म्हटलं, पाच मिनिटं. मग म्हटलं, एवढा एक निरोप. एका जित्या बाईच्या नावानं लोक हात जोडत होते आणि तो तिच्या मरणावर पुस्तकाचा पत्ता वाटत होता, हे त्याला कळत होतं. कळत होतं आणि बरंही वाटत होतं. इतकं बरं त्याला कैक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग लेकीचा, सईचा, पुण्याहून फोन आला. "पप्पा, अहो आत्तीआजीला काय झालंय? नाही ना काही? मग ते काय लावलंय तुम्ही, ते श्रद्धांजलीचं आहे. काढा ते आधी." लेकीच्या आवाजातली काळजी ऐकून तो ताळ्यावर आला. त्यानं पोस्ट काढली. पण बाण सुटला तो सुटला. भावकीच्या गटात उताऱ्यासकट पोस्टचा फोटो केव्हाच गेला होता. शर्ट चढवत होता तोवर धुळाचाच फोन आला. "आवं दादा, हितं माणसं आल्याती. शिराळ्यासनं गाडी करून आल्यात. आत्ती दारात तांदूळ निवडत हुती, तिला बघून बनुबाईनं हंबरडाच फोडला. भाकऱ्या बी घिऊन आल्यात. आता त्यास्नी काय सांगू?" जयराज म्हणाला, "आत्ती काय म्हणतीया?" धुळा म्हणाला, "आत्ती काय म्हननार? च्या ठेवलाय तिनं."

निघताना संयोगितानं एकच विचारलं, "आत्तींना प्रत दिलीत का हो कधी?" तो गाडीची किल्ली शोधत राहिला. तिनं वाकून दिवाणाखालनं एक पुस्तक काढलं, पदरानं पुसलं आणि त्याच्या पिशवीत घातलं. कऱ्हाड गेलं, इस्लामपूर आलं, दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला, आणि जयराज गाडी चालवत तोच प्रश्न मनात घोळवत होता. आत्तीला वाचता येत नाही, हे तो स्वतःला सांगत आला होता. पण वाचून तर दाखवता आलं असतं. खरं कारण निराळं होतं. तिची एक गोष्ट त्यानं तिला न विचारता चारचौघांत मांडली होती.

गोष्ट अशी. हरणाबाईला दिली होती फलटणकडं, उसाच्या घरात. भावजय गेली म्हणून ती महिन्याभराचं बाळ सांभाळायला माहेरी आली, आणि राहिली. पुढं नवऱ्यानं दुसरी केली. गावानं काय ते ओळखलं आणि एक शब्द तिला कायमचा चिकटवला, टाकलेली. लग्नाकार्यात तिला कुणी हळदीला बोलावलं नाही. सवाष्णींची रांग बसायची तेव्हा ती मागं परड्यात भांडी घासायची. जयराजला ते दिसायचं. तो तिच्याजवळ जाऊन राखेत बोटं घालत बसायचा. पण त्याला जे ठाऊक होतं ते गावाला नव्हतं. तिनंच सांगितलेलं. नवरा न्यायला आला होता. भर दुपारी, सगळी रानात गेलेली असताना, छकडा घेऊन. गुलाबी लुगडं आणलं होतं. ओट्यावर बसून पाणी प्याला. आणि ही काखेत जयराजला घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, 'माझं पोर हाय हितं. मी न्हाई येत.' छकडा आला तसा परत गेला. लहानपणी झोपताना तो रोज हेच मागायचा. बैल कंच्या रंगाचा हुता? ती सांगायची, पांढरा. कधी सांगायची, तांबडा. पुस्तकात त्यानं पांढरा घेतला. सियाचीनला असताना, वडलांचं पत्र नाही, आईचा चेहराच माहीत नाही, अशा वेळी तो अंगावर सगळं असेल नसेल ते ओढून पडायचा आणि मनाशी म्हणायचा, माझ्यापायी एका बाईनं दारातला छकडा परत पाठवला होता. ह्या वाक्यावर तो जगला, म्हटलं तरी चालेल. पुढं जयराज जोधपूरला होता तेव्हा तो नवराही वारला. हरणाबाईला ते बाजारात कुणाकडून तरी कळलं. घरी आली, लुगड्यासकट अंगावर पाणी घेतलं आणि रोजच्यासारख्या भाकऱ्या थापल्या.

तोच उतारा त्यानं काल टाकला होता. जी गोष्ट तिनं जन्मभर गावाला सांगितली नाही, टाकलेली म्हणवून घेतलं पण तोंड उघडलं नाही, ती त्यानं अंगठ्यांसाठी बाजारात मांडली. आता शिराळ्याच्या बायका तीच तिच्या तोंडावर बोलत असतील. सांगली ओलांडली, मिरज मागं पडली, उसाची हिरवळ विरळ होत संपली आणि बाभळी आणि बोरी सुरू झाल्या. त्याला वाटलं, आत्ती आपल्याशी बोलली नाही तर? असं कधी झालं नव्हतं. झालं तर काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. पन्नाशीतला माणूस, निवृत्त नायब सुभेदार, आणि गाव जवळ आलं तशी त्यानं गाडी उगीच हळू केली.

दारात चपला पडल्या होत्या. आत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि मधोमध आत्ती, पाय पसरून. समोर फडक्यात गुंडाळलेल्या भाकऱ्या, पिठलं, आमटीचा डबा. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून सोयऱ्यांनी आणायचा तो कडू घास. आणला होता तर परत कसा न्यायचा, म्हणून सगळ्यांनी पानं मांडली होती आणि जिच्या नावाचा तो घास ती स्वतः भाकरी मोडत होती. जयराजला बघून बनुबाईनं डोळे पुसले. आत्तीची ही चुलत नणंद, फलटणच्या घरातली, शिराळ्यात दिलेली. सगळ्यांत मोठ्या आवाजाची आणि सगळ्यांत आधी रडणारी. "आलास व्हय रं," ती म्हणाली. "आमाला मारलंस की अर्ध्या वाटंत." मग तिचा आवाज उतरला. "पर बरं झालं. हिच्या जितेपनी आलो. ए हरणे, माझा भाऊ न्यायला आलता, ह्ये कवा बोलली न्हाईस गं? त्यो बी कधी बोलला न्हाई. आमी समदी तुला टाकलेली म्हनत आलो. माझ्या लेकीच्या लग्नाला तू आलीस, आन हळदीच्या येळंला मी तुला मागं बसवली." तिनं आत्तीचा हात धरला. दुसरी एक म्हातारी म्हणाली, "चांगला हुता म्हनायचा मग. दारात आलता." आत्तीनं जयराजकडं बघितलं नाही. भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून ठेवला आणि म्हणाली, "त्याला वाढा कुनीतरी. सातारपासनं आलाय."

जयराज जेवला, पण काय जेवला ते विचारू नका. प्रत्येक बाई निघताना आत्तीच्या कपाळाला कपाळ लावत होती. बनुबाईनं तर पिशवीतली हळदीची पुडी काढली, आणि रीतभात सगळी बाजूला सारून तिच्या गालांना दोन बोटं लावली. म्हातारपणी, विधवा बाईला. कुणी तिला अडवलं नाही. आत्तीनं गाल पुढं केला होता.

गाडी धुरळा उडवत गेली. दोघंच उरली. आत्ती ओट्यावर बसली, गालांवर पिवळं तसंच. जयराज खालच्या पायरीवर. "आत्ती, माझं चुकलं," तो म्हणाला. ती म्हणाली, "ते पुस्तक आनलंयस न्हवं? वाच. बनुबाईच्या सुनेनं फोनवर वाचलं तवा तिला घाई हुती. तू नीट वाच." त्यानं वाचलं. संपल्यावर तिनं पाय पोटाशी ओढून घेतले. मग म्हणाली, "लय चांगलं लिवलंयस." आणि मग, तशाच आवाजात, "पर कोन आलं न्हवतं रं, जया."

त्याला नीट ऐकू आलं होतं, तरी त्यानं मान वर केली. "तू लहान हुतास," ती म्हणाली. "पोरं तुला म्हनली, तुझी आत्ती टाकलेली, तुला बी बानं टाकलंय. तू रडत घरला आलास. काय केल्या जेवंना. मग मी सांगितलं, मला न्याया आलतं, पर तुझ्यापायी गेली न्हाई. तवा जेवलास. मग रोज मागाय लागलास, मी रोज सांगाय लागली. बैलाचा रंग इचारायचास. मी बैल कुठला बघिटला हुता?"

जयराज पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. बर्फातल्या त्या रात्री त्याच्या अंगावरून कुणी तरी पांघरूण ओढून घेत होतं. कुणी छकडा परत पाठवला नव्हता. छकडाच नव्हता. निवडायला दुसरं काही नव्हतं म्हणून ही बाई त्याच्याजवळ राहिली होती, एवढंच. त्याला फार वाईट वाटलं, आणि ते स्वतःसाठी वाटलं ह्याची लाजही वाटली. "म्हंजी तू त्याची वाट बघत हुतीस?" त्यानं विचारलं. "बघत हुती की," ती म्हणाली. "सांजचं तोंड धुऊन, येणी घालून बसायची. मी बाईमानूस न्हवं व्हय?" तो थांबला. विचारू नये असं वाटत होतं, पण आता न विचारून भागणार नव्हतं. "आन आला असता तर?"

"तर गेली असती," आत्ती म्हणाली. बाजारातला भाव सांगावा तसं सरळ. जयराजनं मान खाली घातली. तिला त्याचं कारण कळेना. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला हलवलं. "येड्या, तुला काखंला मारून गेली असती की. तुला काय हितं कुनाच्या गळ्यात घालून जानार हुती? त्यो नगं म्हनला असता तर त्याच छकड्यातनं माघारी आली असती." ती हे इतकं सहज बोलली की ह्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटत नव्हतं. जयराजला रडू आवरेना. त्यानं आवरलंही नाही. आत्ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

डोळे पुसून तो म्हणाला, "मी लिहितो आत्ती. चूक झाली म्हनून. फुडच्या आवृत्तीत ते काढून टाकतो." पहिलीच आवृत्ती दिवाणाखाली पडलेली, आणि हा गडी पुढचीला हात घालत होता. पण आत्तीनं त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्या बाईच्या हातात एवढं बळ असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"मी मेली न्हाई ते लिव," ती म्हणाली. "पर त्यो आलता, ह्ये ऱ्हाऊ दे."

जयराज तिच्याकडं बघत राहिला. "बनुबाई काय म्हनली ऐकलंस न्हवं?" ती हळू आवाजात म्हणाली. "त्याची बहीन हाय ती. तिच्या तोंडानं म्हनली, माझा भाऊ तुला न्याया आलता. उभ्या जन्मात मला असं कुनी म्हनलं न्हवतं. तुझं काय जातंय? ऱ्हाऊ दे की." तिनं गालावरच्या हळदीला बोट लावलं, पुसलं नाही, नुसतं लावून बघितलं. मग पदर सारखा करून भिंतीला टेकली आणि तिनं डोळे मिटले.

"परत वाच," ती म्हणाली. "त्यो आला तिथनं."

जयराजनं चष्मा पुसला, पान शोधलं, आणि पांढरा बैल दारात थांबला तिथून वाचायला सुरुवात केली.